करार लिहिला जात असताना नागरी संघटनांचं म्हणणं त्यात कसं पोहोचतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वेगवेगळ्या देशांतल्या काही संघटना मिळून तुमचा एक गट झाला आहे, एका नव्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटी सुरू होणार आहेत आणि तुम्हाला त्यात भाग घ्यायचा आहे. संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा, म्हणजे तिथल्या बैठकांत म्हणणं मांडायला संघटनांना मिळणारी अधिकृत मान्यता, मिळवण्यात वेळ घालवावा का? आत गेल्यावर खरंच काही बदलतं, की संघटनांना फोटोपुरतं बोलावलं जातं? आणि ‘तुम्हाला निवडून कोणी दिलं?’ असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?

मी वीसेक वर्षं या कामात आहे. आधी संघटनांच्या बाजूने, मग काही वर्षं एका कराराच्या सचिवालयात, म्हणजे त्याचं कामकाज सांभाळणाऱ्या कार्यालयात, निरीक्षक (मत नसलेल्या, पण हजर राहणाऱ्या) संघटनांचं काम पाहत, आणि आता पुन्हा संघटनांसोबत. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगते. सहभाग खरा आहे की नाही हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. मसुदा तुमच्या हातात कधी येतो? आणि तुमच्या सूचनेला किंवा तक्रारीला उत्तर देणं कोणावर तरी बंधनकारक आहे का? सभागृहातली खुर्ची, गळ्यातला बॅज, दोन मिनिटांचं भाषण हे सगळं त्यानंतरचं.

सचिवालयातला एक प्रसंग सांगते, कारण ती बाजू बाहेरून दिसत नाही. मसुद्यावर लेखी सूचना मागवल्या की शेवटच्या दोन दिवसांत ईमेलांचा ढीग पडायचा. एकदा त्या सगळ्यांचं संकलन करायला आमच्याकडे दोन माणसं आणि चार दिवस होते. काही संघटनांनी चाळीस-चाळीस पानं पाठवली होती. अभ्यास उत्तम, आकडे पक्के, पण कोणत्या कलमात कोणता शब्द बदलायचा ते कुठेच नाही. त्या चाळीस पानांचं शेवटी एक वाक्य झालं: ‘काही निरीक्षकांनी चिंता व्यक्त केली.’ त्याच ढिगात एका छोट्या गटाचं दीड पान होतं. डावीकडे मसुद्यातलं मूळ वाक्य, उजवीकडे त्यांना हवं असलेलं वाक्य, खाली दोन ओळींत कारण, आणि अशी भाषा देशांनी आधी कोणत्या करारात मान्य केली आहे त्याचा उल्लेख. ते वाक्य आम्हाला जसंच्या तसं संकलनात घेता आलं. पुढच्या फेरीत एका देशाने ते स्वतःची सूचना म्हणून मांडलं. बहुतेक वाटाघाटींत हीच पद्धत असते: निरीक्षकाने सुचवलेलं वाक्य एखाद्या देशाने उचलून धरल्याशिवाय मसुद्यात येत नाही. घासाघीस होऊन अंतिम मजकुरात त्यातले मोजके शब्द उरले, पण ते उरले. त्या चाळीस पानांचं मात्र मला आजही वाईट वाटतं. ती लिहिणाऱ्यांनी वर्षभर राबून माहिती जमवली होती आणि आमच्या हातून ती एका ओळीत संपली.

मसुदा लवकर हाती येण्याने किती फरक पडतो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार. मेक्सिकोच्या पुढाकारामुळे महासभेने २००१ च्या अखेरीस त्यासाठी समिती नेमली. २००४ च्या जानेवारीत पहिला मसुदा तयार करायला जो कार्यगट न्यूयॉर्कमध्ये बसला, त्यात ४० सदस्य होते. २७ सरकारांचे प्रतिनिधी, १२ नागरी संघटनांचे आणि एक राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या वतीने. कागद अजून कोरा होता तेव्हाच, ज्यांच्या आयुष्याविषयी लिहायचं होतं ती माणसं टेबलाशी होती. ‘आमच्याविषयी काही ठरवायचं तर आमच्याशिवाय नको’ ही त्यांची घोषणा होती आणि त्यांनी ती कामाच्या पद्धतीत उतरवून घेतली.

हा करार उघडून १२ वं आणि १९ वं कलम जरूर वाचा. पूर्वी दिव्यांग व्यक्तींचा उल्लेख बहुधा उपचार आणि पुनर्वसनाच्या संदर्भात व्हायचा. १२ वं कलम त्यांना कायद्यासमोर इतरांच्या बरोबरीची मान्यता देतं, आणि १९ वं कलम सांगतं की कुठे आणि कोणासोबत राहायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. संस्थेत बंद करून ठेवलेल्या माणसांचा अनुभव खोलीत हजर नसता तर १९ वं कलम असं लिहिलं गेलं असतं, असं मला वाटत नाही. शिवाय त्यांनी सही झाल्यानंतरचीही सोय करून ठेवली. ४ थ्या कलमानुसार कायदे आणि धोरणं आखताना सरकारने दिव्यांग व्यक्तींच्या संघटनांशी जवळून सल्लामसलत केली पाहिजे, आणि ३३ व्या कलमानुसार देखरेखीत त्यांना पूर्ण सहभाग दिला पाहिजे. समितीच्या पहिल्या बैठकीपासून साडेचार वर्षांच्या आत, १३ डिसेंबर २००६ ला महासभेने करार मंजूर केला. संघटनांना आत घेतलं की वाटाघाटी रेंगाळतात असं कोणी म्हणालं, तर ही तारीख सांगा.

आता तुमचा पहिला प्रश्न, सल्लागार दर्जाचा. त्याचं मूळ संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ७१ व्या कलमात आहे. आर्थिक आणि सामाजिक परिषद बिगरसरकारी संघटनांशी ‘सल्लामसलतीची’ व्यवस्था करू शकेल, असं ते म्हणतं. लागूनच असलेल्या ६९ आणि ७० व्या कलमांत, देश आणि विशेष संस्थांबद्दल बोलताना, शब्द आहे मताधिकाराविना ‘सहभाग’. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हा फरक जाणूनबुजून केला गेला आणि १९९६ च्या ज्या ठरावावर आजची पद्धत चालते त्यानेही तो कायम ठेवला. शिवाय ७१ वं कलम फक्त या परिषदेपुरतं आहे. महासभा किंवा सुरक्षा परिषदेत या दर्जाने तुम्हाला कोणताही हक्क मिळत नाही. ब्राझीलचे माजी राष्ट्राध्यक्ष फर्नांडो एन्रिके कार्डोसो यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने २००४ मध्ये हे बदलण्यासाठी बऱ्याच सूचना केल्या. त्यांतली मुख्य सूचना, संघटनांना मान्यता देण्याचं काम महासभेकडे न्यावं ही, आजवर अमलात आलेली नाही.

सुरुवातीच्या काळात दर्जा मिळालेल्या संघटना ४१ होत्या, आज त्या सहा हजारांहून जास्त आहेत. सर्वसाधारण, विशेष आणि नोंदवही असे तीन प्रकार असतात. तुमच्यासारख्या गटाला बहुधा विशेष मिळेल. संघटनेला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात, आणि पुढच्या वर्षी विचार व्हायचा असेल तर अर्ज १ जूनपर्यंत जायला हवा. अर्जांची छाननी १९ देशांची समिती करते. खरी अडचण इथे आहे. समितीतल्या कोणत्याही देशाने एक प्रश्न विचारला की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. उत्तर दिलं की नवा प्रश्न येतो. जातीवर आधारित भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संघटनेला असे शंभराहून जास्त प्रश्न विचारले गेले आणि सुमारे पंधरा वर्षं थांबावं लागलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मूळ परिषदेतच मतदान झालं तेव्हा कुठे दर्जा मिळाला. पंधरा वर्षांत किती माणसं त्या संघटनेतून येऊन गेली असतील, किती ठरावांवर बोलायचं राहून गेलं असेल, याचा विचार करा. अर्ज नाकारला असता तर निदान त्यावर उघड चर्चा झाली असती. लांबणीवर टाकलेल्या अर्जाची बातमीसुद्धा होत नाही.

म्हणून माझा सल्ला: अर्ज करा, पण त्यासाठी थांबू नका. तुमचा विषय कराराचा आहे आणि जवळपास प्रत्येक कराराची निरीक्षकांना प्रवेश देण्याची स्वतःची पद्धत असते. हवामान बदलाच्या कराराची पाहा. विषयात काम असलेली संघटना अर्ज करू शकते आणि हजर असलेल्या देशांपैकी एक तृतीयांशांनी हरकत घेतली तरच तिला बाहेर ठेवता येतं. एका देशाला अर्ज अडवून ठेवता येणं आणि एक तृतीयांश देश गोळा करावे लागणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या वाटाघाटींची कामकाजाची नियमावली अजून ठरायची असेल तर सगळ्यांत आधी हाच मुद्दा धरा. पहिली बैठक ‘नुसती प्रक्रियेची’ म्हणून अनेक संघटना तिकडे फिरकत नाहीत. निरीक्षक कोणत्या खोलीत बसू शकतील, कागदपत्रं कधी खुली होतील, एकमत झालं नाही तर मतदान घेता येईल का, हे सगळं तिथेच ठरतं. प्लास्टिक प्रदूषणावरच्या वाटाघाटी आठवा. मतदानाचा प्रश्न सुरुवातीला मिटला नाही, तो लोंबकळतच राहिला, आणि २०२५ च्या ऑगस्टमधली जिनिव्हाची फेरी कराराविनाच संपली.

मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाचा ठरावीक काळाने जो आढावा होतो, त्यासाठी लेखी निवेदन द्यायला दर्जाची गरजच नसते. एकट्या संघटनेला २,८१५ शब्दांची मर्यादा, अनेकांनी मिळून दिलं तर ५,६३०. करारांच्या तज्ज्ञ समित्यांकडे सरकारच्या अहवालाला समांतर अहवाल पाठवायलाही दर्जा लागत नाही. तुमच्या विषयाचा हक्कांशी थोडाही संबंध असेल तर ही दारं आजच उघडी आहेत.

दुसऱ्या कसोटीकडे येते, उत्तर देण्याच्या बंधनाकडे. इथे सरदार सरोवराचा इतिहास महत्त्वाचा आहे, कारण त्याचा परिणाम एका धरणापुरता राहिला नाही. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. नर्मदा खोऱ्यातल्या विस्थापितांचं आंदोलन आणि त्याला जगभरातल्या संघटनांची मिळालेली साथ यांमुळे बँकेला १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. विस्थापन आणि पर्यावरण यांबाबत बँकेने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असं समितीने १९९२ मध्ये लिहून दिलं. पुढच्या वर्षी उरलेलं कर्ज रद्द झालं, आणि त्याच वर्षी, १९९३ मध्ये, बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या प्रकल्पाने नुकसान होत असेल तर प्रकल्पग्रस्तांपैकी दोन माणसंसुद्धा या मंडळाकडे जाऊ शकतात आणि बँकेच्या व्यवस्थापनाला लेखी उत्तर द्यावंच लागतं. पहिली तक्रार नेपाळमधल्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाची होती. १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतलं. या मंडळाला मर्यादा आहेत. ते प्रकल्प थांबवू शकत नाही, भरपाई देऊ शकत नाही, बँकेने आपले नियम पाळले का एवढंच तपासतं. नर्मदेचं धरणही पुढे उभं राहिलंच, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी हे मंडळ फार उशिरा आलं. तरीही जगातल्या अनेक विकास बँकांमध्ये आज तक्रारीची जी व्यवस्था आहे, तिची सुरुवात इथून झाली.

युरोप आणि आसपासच्या देशांसाठी १९९८ मध्ये झालेला आऱ्हूस करार याहून पुढे गेला. पर्यावरणाची माहिती, निर्णयातला सहभाग आणि न्याय मागण्याचा हक्क हे त्याचे तीन खांब. सरकार करार पाळत नाही असं वाटलं तर कोणीही सामान्य नागरिक किंवा संघटना त्याच्या अनुपालन समितीकडे, म्हणजे करार पाळला जातो का हे पाहणाऱ्या समितीकडे, थेट तक्रार करू शकते. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांनी २०१८ मध्ये एस्काझू करारात तोच धागा धरला. तुमच्या मसुद्यात अनुपालनाचं कलम येईल तेव्हा ‘समिती फक्त देशांच्या तक्रारी घेईल’ असं काही लिहिलेलं नाही ना, ते पाहा. देश एकमेकांविरुद्ध तक्रार करायला सहसा धजत नाहीत. असं कलम कागदावरच राहतं.

मतदानाचा हक्क असलेल्या खुर्चीबद्दल फार लांबवत नाही, कारण करारांच्या वाटाघाटींत ती मिळत नाही. ती आहे अशी ठिकाणं माहीत असावीत इतकंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत १९१९ पासून प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात, दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि प्रत्येकाचं मत स्वतंत्र. २०११ मध्ये घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार झाला तो कामगार गटाच्या जोरावर, आणि त्या गटामागे घरकामगारांच्या स्वतःच्या संघटना होत्या. एड्स, क्षय आणि मलेरियासाठीच्या ग्लोबल फंडाच्या मंडळात २० पैकी ३ मतं नागरी संघटना आणि रुग्णसमुदायांची आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या मंडळावर संघटनांचे पाच प्रतिनिधी बसतात, त्यांना मत नाही. आणि तरी तिथे बसलेल्या लोकांचं ऐकलं जातं, कारण रोगासोबत जगणारा माणूस औषधाबद्दल बोलतो तेव्हा त्याला अडवायची हिंमत सहसा कोणी करत नाही.

दारच बंद असेल तर? भूसुरुंगांवरच्या बंदीचं तसंच झालं होतं. निःशस्त्रीकरणाच्या नेहमीच्या मंचावर एकमताची अट होती, म्हणजे एका देशाचा नकार पुरे. सहा संघटनांनी १९९२ मध्ये मोहीम सुरू केली आणि काही सरकारांना सोबत घेऊन वेगळीच वाट काढली. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी ओटावात सगळ्यांना आव्हान दिलं: वर्षभरात या, सही करू. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्लोच्या वाटाघाटींत दोन तृतीयांश मताचा नियम ठेवला गेला आणि मोहिमेच्या प्रतिनिधींना खोलीत बसून बोलण्याचा हक्क मिळाला. डिसेंबरमध्ये १२२ देशांनी सही केली. मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना त्या वर्षीचं शांततेचं नोबेल मिळालं हे सर्वांना आठवतं. मला त्यापुढचं काम अधिक मोठं वाटतं. करार पाळला जातो की नाही हे पाहायला सरकारांनी स्वतंत्र यंत्रणा उभी केली नव्हती, म्हणून संघटनांनीच १९९९ पासून देशवार वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली. सरकारंही आज तोच अहवाल हाताशी धरतात. आणि हेही लक्षात असू द्या की सही म्हणजे शेवट नसतो. २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी करारातून बाहेर पडण्याची सूचना दिली. तीस वर्षांपूर्वी केलेला युक्तिवाद आता नव्या पिढीच्या मंत्र्यांपुढे पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार आहे.

दुसरी वाट पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांनी दाखवली. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूतल्या संकुलात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामान बदलाबाबत देशांची जबाबदारी काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे जावा. त्या न्यायालयात संघटनेला जाता येत नाही, विद्यार्थ्यांना तर नाहीच. त्यांनी आपल्या सरकारचं मन वळवलं, वानुआतूने इतर देशांचं. २९ मार्च २०२३ ला महासभेने एकमताने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने सल्लागार मत दिलं. या सहा वर्षांत सल्लागार दर्जाचा संबंध आला नाही. एक छोटा पण मनापासून उभा राहणारा देश सोबत लागला, आणि प्रश्न न्यायालयाला उत्तर द्यावंच लागेल अशा भाषेत लिहावा लागला.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने मला स्वतःला फार त्रास दिला आहे. ‘तुम्हाला निवडून कोणी दिलं?’ याचं खरं उत्तर आहे: कोणी नाही. ते सरळ मान्य करा. ‘आम्ही जनतेचा आवाज आहोत’ असं कधीही म्हणू नका. आमच्या एका आघाडीने एकदा कचरा वेचणाऱ्यांच्या वतीने म्हणून निवेदन दिलं. मसुद्यावर माझाही हात फिरला होता. त्यात आम्ही एका गोष्टीवर तातडीच्या बंदीची मागणी केली होती. दुपारी कचरावेचकांच्या संघटनेतली एक बाई दुभाष्याला घेऊन आमच्या टेबलापाशी आली. कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, ‘हे बंद झालं की दुसऱ्या दिवशी मी काय गोळा करू? हे लिहिताना तुम्ही कोणाला विचारलं?’ आम्ही कोणालाच विचारलं नव्हतं. निवेदन मागे घेतलं आणि तिच्या संघटनेसोबत बसून नव्याने लिहिलं. बंदीची मागणी राहिली, पण तिच्या आधी रोजगाराच्या संक्रमणाची, म्हणजे आधी दुसऱ्या कामाची सोय करण्याची, अट आली. प्लास्टिक कराराची सुरुवात करणाऱ्या २०२२ च्या ठरावात असंघटित आणि सहकारी पद्धतीने काम करणाऱ्या कचरा कामगारांच्या योगदानाचा उल्लेख आहे, तो वाचताना मला ती बाई आठवते.

तेव्हापासून मी प्रत्येक गटाला तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवायला सांगते. आम्हाला काय माहीत आहे आणि ते कोणाकडून कळलं. या मागणीचा ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांच्याशी आम्ही कधी बोललो. आणि आमचा पैसा कुठून येतो. तिसरी गोष्ट कोणी विचारायच्या आधीच सांगावी. तंबाखू कंपन्यांनी वर्षानुवर्षं शेतकरी आणि दुकानदारांच्या नावाने संघटना उभ्या करून आपलं म्हणणं पुढे रेटलं. त्या अनुभवामुळेच २००३ च्या तंबाखू नियंत्रण करारात ५.३ हे कलम आलं: आरोग्यधोरणाला या उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपायचं. ‘सर्व हितधारकांना एकाच टेबलावर आणू’ ही भाषा ऐकायला चांगली वाटते, पण नुकसान करणारा आणि सोसणारा यांना एकाच मापाने मोजणं न्याय्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून निदान बिगरसरकारी संघटना, खासगी कंपन्या, दानसंस्था आणि शैक्षणिक संस्था असे वेगळे गट केले आहेत. तुमच्या वाटाघाटींत उद्योगसंघ आणि तुम्ही एकाच ‘निरीक्षक’ शब्दाखाली मोजले जाणार असाल, तर पहिल्याच बैठकीत त्यावर बोला.

प्रतिनिधी कोणी निवडायचे हाही इथलाच भाग. सचिवालयाने यादीतून सोयीची नावं उचलणं ही वाईट पद्धत आहे. मी ती आतून पाहिली आहे. जागतिक अन्नसुरक्षा समितीने २००९ मध्ये सुधारणा केल्या तेव्हा हे काम संघटनांकडेच सोपवलं गेलं. छोटे शेतकरी, मच्छीमार, पशुपालक, भूमिहीन, आदिवासी असे अकरा घटक आपापले लोक ठरवतात आणि ते चर्चेत देशांच्या बरोबरीने बोलतात, अंतिम निर्णय मात्र देशांचा. तुमच्या गटात आत्ताच ठरवून घ्या की बोलणारा माणूस कोण ठरवणार आणि किती दिवसांनी बदलणार. नाहीतर ज्याचं इंग्रजी बरं आणि ज्याला व्हिसा मिळतो, तोच दरवेळी बोलत राहील.

प्रत्यक्ष खोलीतलं थोडं. निरीक्षकांना बोलायची वेळ देशांनंतर येते, बहुधा दोन मिनिटं, अनेकदा तीही सगळ्यांत मिळून. भाषणाची प्रत दुभाष्यांना आधी द्या, आणि वेगाने वाचू नका. धावत वाचलेलं भाषण पाच भाषांत अर्धवट पोहोचतं. खरं काम मात्र संध्याकाळी छोट्या गटांत होतं. पडद्यावर मसुदा असतो, ज्यावर एकमत नाही तो मजकूर चौकोनी कंसात, आणि अध्यक्ष अनेकदा निरीक्षकांना बाहेर जायला सांगतात. मग आपण बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून राहायचं, घरी जायचं नाही. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला एका लहान देशाची प्रतिनिधी दार उघडून बाहेर आली. त्यांच्या शिष्टमंडळात दोनच जण होते आणि तीन खोल्यांत एकाच वेळी चर्चा चालू होती. तिने मला पान दाखवलं आणि विचारलं, ‘हा शब्द काढायला सांगताहेत. काढला तर आम्ही काय गमावतो?’ आमच्याकडे त्या कलमावर अर्ध्या पानाचं टिपण तयार होतं: शब्द राहिला तर काय, गेला तर काय, आणि दोन पर्यायी शब्द. ती ते घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मसुद्यात दुसरा पर्याय होता.

एका शब्दावर किती अवलंबून असतं हे पॅरिसमध्ये हवामान कराराच्या वेळी सगळ्या जगाने पाहिलं. १२ डिसेंबर २०१५ ला अंतिम मजकुराच्या ४.४ कलमात विकसित देशांसाठी ‘शॅल’ आला होता, म्हणजे कायदेशीर बंधन. अमेरिकेला ते चालणारं नव्हतं, कारण मग करार सिनेटपुढे न्यावा लागला असता. ‘शॅल’चा ‘शुड’ झाला, म्हणजे बंधनाऐवजी नुसती अपेक्षा, तो बदल मुद्रणातली दुरुस्ती म्हणून वाचला गेला आणि करार मंजूर झाला. तुमच्या गटात निदान एक माणूस असा हवा, ज्याला आपल्या विषयातल्या अशा शब्दांची यादी तोंडपाठ आहे.

मोठ्या शिष्टमंडळांच्या मागे धावण्यापेक्षा लहान देशांना मदत करा. त्यांना ती हवी असते. आणि बैठकीच्या शहरात पोहोचेपर्यंत बहुतेक देशांच्या भूमिका ठरून आलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या सदस्य संघटनांनी आपापल्या राजधानीत संबंधित मंत्रालयाला दोन-तीन महिने आधी भेटलं पाहिजे. पैसे कमी असतील तर पाच माणसांच्या विमानभाड्याऐवजी दोन माणसं पाठवा आणि उरलेले पैसे या भेटींवर खर्च करा. व्हिसासाठी निमंत्रणपत्र सचिवालयाकडून नोंदणी उघडल्याच्या दिवशीच मागवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. संयुक्त राष्ट्रांना सहकार्य केलं म्हणून लोकांना मायदेशी त्रास दिला जातो. महासचिव दरवर्षी त्यावर अहवाल मांडतात आणि त्यात नवनव्या देशांतली प्रकरणं असतात. तुमच्या गटातल्या प्रत्येकाला खासगीत विचारा की नाव आणि फोटो जाहीर झाले तर चालतील का. ज्यांना चालणार नाहीत, त्यांचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून मांडा, आणि परतल्यावर पहिले काही आठवडे त्यांच्याशी रोज संपर्क ठेवा. कोणावर दबाव आला तर कोणाला कळवायचं, तो पत्ता निघण्याआधीच सगळ्यांकडे असू द्या.

पहिली फेरी कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कामकाजाच्या नियमांचा मसुदा बाहेर आला असेल तर निरीक्षकांबद्दलचा परिच्छेद काढून त्यावर तुमचं दीड पान तयार करा आणि मला पाठवा. मी वाचून दोन दिवसांत परत पाठवते.